साखरबायची जीभ

साखरबायची जीभ लागोपाठ दोन दिवस एकाच रंगाची राहिलेली मी फारशी पाहिली नाही. आज जांभळी, परवा केशरी, मध्येच एखादे दिवशी शाईची दौत प्यायल्यासारखी निळी. ती होडीतून उतरून बंदरावर आली की पोरे तिच्याभोवती जमत आणि ओरडत, "साखरबाय, जीभ दाखव!" मग ती कमरेवर हात ठेवून, डोळे मोठे करून जीभ बाहेर काढी. धीट पोरे हसत. लहान असत ती आईच्या लुगड्यामागे लपत. मोठी माणसे मात्र हसत नसत. अवसेच्या दिवशी निळ्या जिभेची विधवा समोरून आली, तर बाजाराला निघालेला मनुष्य परत घरी जाई, पाणी पिई आणि मग पुन्हा निघे. मी स्वतःही एकदा तसे केलेले आहे, हे येथे प्रारंभीच नमूद करतो.

माझा व्यवसाय अर्ज लिहिण्याचा. काही घरगुती कारणांमुळे मला फायनलच्या परीक्षेस बसता आले नाही. परंतु तालुका कचेरीसमोरच्या उंडीच्या झाडाखाली बसून मी जे मसुदे तयार केले, ते पाहून पदवीधर वकिलांनी माझ्या अक्षराची आणि वाक्यरचनेची चौकशी केलेली आहे. साखरबायची व माझी ओळख या व्यवसायामुळेच झाली. स्वराज्य नुकतेच आले होते आणि साखरेवर नियंत्रण होते. लग्नकार्यास जादा साखर हवी असेल, तर मामलेदारांकडे कारणासह अर्ज करावा लागे. साखरबाय रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या ख्रिस्ती वाडीत राही. तिचा नवरा मुंबईत एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर बटलर होता आणि ती तिथल्या स्वयंपाकघरात हाताखाली होती. नवरा वारला, साहेब विलायतेस गेला, आणि ही एक पत्र्याची पेटी घेऊन वाडीत परतली. पेटीत कपडे थोडे आणि साखरेला आकार देण्याची लाकडी हत्यारे जास्त होती. वाडीतल्या लग्नांचे आणि बारशांचे केक ती घरी करी, आणि त्यांवर साखरेची रंगीत फुले व पाखरे बसवी.

पहिल्याच दिवशी ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "लगीन हाय. साखर पायजे. एवढंच लिव."

मी तिला समजावले की सरकारदरबारी एवढ्यावर भागत नाही. मी दोन पाने भरली, आणि तिला ती सावकाश, योग्य ठिकाणी थांबत, वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"लई गोड लिवलंस, अर्जवाल्या," ती म्हणाली. "पण यात साखर कुठं हाय?"

साखर दुसऱ्या पानाच्या मध्यावर होती. ती मी तिला बोटाने दाखवली. तेव्हापासून ती मला अर्जवाल्या म्हणे, आणि दर खेपेला अर्जावर बोट ठेवून आधी साखर कुठे आहे ते विचारी.

तिचे काम मी कित्येकदा पाहिले आहे. ती साखर पाट्यावर वाटी आणि मलमलीच्या फडक्यातून तीनदा गाळी. भिजवलेल्या डिंकात ती साखर, लिंबाचे चार थेंब आणि कसलेसे तेलाचे बोट घालून ती मळत बसे. ही साखरेची कणीक कानाच्या पाळीसारखी मऊ झाली, म्हणजे झाली. ती खरोखरच एका हाताने कणीक आणि दुसऱ्या हाताने स्वतःची कानाची पाळी चाचपून पाही. रंग सारे परसातले. तांबड्या माठाचा लाल, पारिजातकाच्या देठांचा केशरी, हळदीचा पिवळा, गोकर्णीच्या फुलांचा निळा. त्याच निळ्यात लिंबू पडले की जांभळा. रस पातळ असला तर कणीक ढासळते, म्हणून तो बशीत घालून उन्हात काकवीसारखा आटवायचा, आणि नारळाच्या झावळीतल्या काडीच्या, म्हणजे हिराच्या, टोकाने थेंबभर घेऊन मळायचा. रंग फिका दिसला म्हणून मी एकदा आणखी घालायला सुचवले. तिने माझा हात बाजूला केला.

"रंग आल्या आल्या खरं तोंड दावत न्हाय," ती म्हणाली. "ओल्या फडक्याखाली झोपू दे त्याला. उठला की गडद असतो."

हे वाक्य त्या वेळी मला केवळ कामापुरते वाटले होते.

दमट वारा सुटला की ती रंगाला हात लावत नसे. त्या हवेत साखरेला घाम सुटतो. अशाच एका दिवशी नवरीकडच्यांनी घाई केल्यामुळे तिने पांढऱ्या केकवर लाल गुलाब बसवले, आणि मंडपात पोहोचेपर्यंत प्रत्येक गुलाबाखालून एक एक लाल ओघळ निघून खालच्या ताटापर्यंत गेला. लोक त्या केककडे पाहत उभे राहिले. कोणी सुरी लावीना. साखरबाय पुढे झाली, ओघळावरचाच तुकडा कापला आणि सर्वांदेखत खाल्ला. "माठाची भाजी हाय, मेल्यांनो," ती म्हणाली. "रोज खाता ना?"

पहिला तुकडा स्वतः खाण्याचा तिचा नेम त्या दिवसापुरता नव्हता. लग्न कोणाचेही असो, नवरानवरीच्या आधी "पैला तुकडा माजा" म्हणून ती हात पुढे करी. पुष्कळांनी तिला हावरट ठरवले. मीही त्यांत होतो. खरा प्रकार मला तिच्या ओटीवर कळला. कोणताही नवा रंग, किंवा जुन्याच झाडाचा नव्या पावसानंतरचा रस, ती आधी स्वतः खाऊन पाही. आणि तोही जिभेच्या टोकाने चाखून नव्हे. त्या रंगाचे एक पाखरू करून ते अख्खे खाई. त्यानंतर समुद्राच्या दोन भरत्या जाऊ देई. दोन भरत्यांत पोटात, डोक्यात, हातापायांत काही झाले नाही, तरच तो रंग केकवर जाई. तिच्या जिभेच्या रंगांचे मूळ हे होते.

"थोडे चाखले तर पुरणार नाही का?" मी विचारले.

"पोर थोडं चाखतं व्हय रे? सगळ्यात हावरं पोर असतं ना, जे दुसऱ्याच्या हातातलं पण ओढतं, त्याच्या मापानं खायचं."

"हे कोणी शिकवले तुला?"

तिचा हात मळता मळता थांबला. "बंगल्यावर एक पोरगं व्हतं," ती म्हणाली, "साडेतीन वर्साचं." तिने कणकेवर ओले फडके टाकले आणि भरती किती आली ते पाहायला अंगणात जाऊन उभी राहिली. त्या मुलाविषयी तिने पुन्हा कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

त्याच सुमारास आमच्या तालुक्यात नवे मामलेदार आले. त्यांच्या पत्नीचे दिवस मुंबईत गेलेले. मुलीचा पाचवा वाढदिवस केक कापून करायचा, असे त्यांच्या मनात आले. मी चौकशी न होताच पुढे झालो आणि म्हणालो की असा केक करणारी बाई माझ्या शब्दातली आहे. बाईसाहेबांनी विलायती बिस्किटांच्या जुन्या डब्याचे झाकण मला दाखवले. त्यावर हिरवेगार राघू होते. "अगदी असाच हिरवा साधेल का हो?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "हुबेहूब." त्या काळी उंडीच्या झाडाखालून उठून कचेरीच्या पडवीत बसायला मिळावे, ही माझी फार दिवसांची इच्छा होती. ती त्या एका शब्दात होती.

साखरबायने झाकण उन्हात धरून पाहिले. "असला हिरवा झाडावर नसतो," ती म्हणाली. "माज्याकडं पालकाचा हाय." पालकाचा हिरवा तिने मला दाखवला. खाडीतल्या दगडावरच्या शेवाळासारखा तो होता. मी कबूल केले नाही. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी मी मूर्ती रंगवणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे गेलो. त्याच्या मांडीवर गणपती होता आणि गणपतीचा शेला राघूसारखा हिरवा होता. तो रंग मला देवाच्या कामासाठी थोडा हवा आहे, असे मी त्याला सांगितले. शब्द कोठे कसा घालावा, हा माझा धंदाच होता. त्याने कागदात चिमूटभर पूड बांधून दिली आणि बजावले, "हात स्वच्छ धुवा हं. धुतल्याशिवाय कशाला शिवू नका." मी ते सोवळ्याच्या अर्थाने घेतले. देवाचा रंग, तेव्हा हात धुवून घेणे रास्तच, असे मनाशी म्हणत मी विहिरीवर हात धुतले आणि पुडी खिशात घालून होडीत बसलो.

केक भाजून तयार होता. पांढऱ्या कणकेचे सहा राघू ताटात ओळीने बसले होते. साखरबायने पुडी उघडली, वास घेतला आणि कागद पुन्हा मिटला.

"ह्यो कुठला?"

"मूर्तीचा," मी म्हणालो. "गणपतीच्या अंगाला लागतो तो. याहून शुद्ध काय असेल?"

"विसर्जनाच्या दुसऱ्या दिशी तुमच्या त्या तळ्यात मासली उलटी पडते, ती बघितलीस कधी?"

"ती गढूळ पाण्याने मरते. देवाच्या अंगाचा रंग वाईट असेल, तर इतक्या वर्षांत कोणास काही झाले नसते का? विचार कर."

"देव खात न्हाय रे बाबा," साखरबाय म्हणाली. "पोरं खातात."

मला राग आला. मी बरेच बोललो. ती चालढकल करते, तिला चांगल्या घराच्या कामाची कदर नाही, तिच्यामुळे माझा शब्द खोटा पडणार, असे सर्व क्रमाने सांगितले. शेवटी मी असेही म्हणालो की, न खाताच रंगाला वाईट ठरवणे हे तिच्याच नेमाला धरून नाही. ते बोलायला नको होते.

"ते खरं," ती म्हणाली. "खाल्ल्याबिगर नाव ठेवू नये."

तिने हिराच्या टोकाने पूड घेतली आणि ताटातला एक राघू मोडून पुन्हा मळला. झाकणावरचा हिरवा जसाच्या तसा उतरला. त्याहून सुंदर रंग मी साखरेवर पाहिलेला नाही. तिने चोच काढली, पंख काढले, हिराने डोळा टोचला, इतके नीट की जणू तो राघू केकवरच जायचा होता. मग तोंडात घातला आणि चावून खाल्ला. उरलेल्या पाचांवर तिने ओले फडके टाकले.

दुपारची भरती आली. मी ओटीवर बसूनच होतो. साखरबाय चोचींसाठी माठाचा लाल मळत होती.

"काही होते आहे का?" मी विचारले.

"तोंडात पैसा धरल्यावानी चव हाय. तांब्याचा."

"एवढेच ना? मग आता हिरवे कर. एक भरती गेली."

"दुसरी बाकी हाय," ती म्हणाली. "घरी जा, अर्जवाल्या."

ऊन असतानाच मी परत निघालो. होडीत माझ्या मनात तिच्या हट्टाचा विचार होता. तिच्या पोटाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या होडीने मी पोहोचलो. अंगणात कोणी नव्हते. केक ओटीवर जाळीखाली झाकलेला होता आणि त्यावर पाच राघू बसले होते. चोची लाल, अंगे पांढरी. आतून शेजारीण पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता पुन्हा आत गेली. साखरबाय चटईवर कुशीवर पडली होती. तिचे तोंड राखेसारखे झाले होते, ओठ फाटले होते, आणि जिभेवर अजून हिरवा रंग होता. घरात वांतीचा वास कोंदला होता.

मी आजवर हजारो अर्जांत अर्जदाराची बाजू मांडली. माझी बाजू मांडताना मात्र मला हे लिहावेच लागेल की त्या वेळी माझ्या तोंडून जे पहिले शब्द निघाले, ते तिच्या प्रकृतीविषयी नव्हते. मी म्हणालो, "राघू पांढरे?"

तिने डोळे उघडले.

"पांढरे हायत," ती हळूच म्हणाली. "पण पोरं उद्या उठतील."

मग तिने मला पुडी कोठे पुरली ते सांगितले, आणि त्या जागेवर दगड ठेव, कोंबडी उकरील, एवढे काम सांगितले. मी दगड ठेवला आणि केक घेऊन निघालो. शेजारीण तिला दवाखान्यात नेणार होती. मी थांबलो नाही. संध्याकाळी वाढदिवस होता.

बाईसाहेबांनी पांढरे राघू पाहून टाळी वाजवली. असे तर मुंबईतही मिळत नाहीत, त्या म्हणाल्या, आणि ही कल्पना कोणाची म्हणून विचारले. मी मान लववून उभा राहिलो. त्यातून त्यांनी जो अर्थ घ्यायचा तो घेतला. मुलीने पहिला राघू स्वतः खाल्ला, आणि मग मैत्रिणीच्या हातातला ओढून तोही खाल्ला. मी भिंतीला टेकलो. दिवाणखान्यात चौदा मुले होती. प्रत्येक मूल खाताना मी पाहिले, आणि खाऊन झाल्यावर हसताना त्याची जीभ पाहिली. मला केकचा तुकडा देण्यात आला. तो मी रुमालात बांधून नेला आणि खाडीत टाकला. पुढील महिन्यात मला पडवीत जागा मिळाली.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. सरकारी डॉक्टर तिच्या खाटेशी उभे होते. ते पुन्हा पुन्हा विचारत होते, "बाई, खाल्ले काय होते ते नीट सांगा."

साखरबायने डॉक्टरांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिले.

"जुने बोंबील," ती म्हणाली.

डॉक्टरांनी लिहून घेतले. जगात कोठे काय लिहावे याचे मला ज्ञान आहे असे मी समजत असे. त्या कागदावर काय लिहायला हवे होते, ते ठाऊक असलेला दुसरा मनुष्य मीच होतो, आणि मी बोललो नाही.

ती वाचली. परंतु तिच्या बोटांना मुंग्या येत त्या गेल्या नाहीत, आणि तोंडाची चव गेली ती परत आली नाही. मीठ आणि साखर तिला सारखीच लागे. कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ झाली की नाही, हे बोटांना कळेना. तिने रंगाच्या बशा पालथ्या घातल्या आणि नुसते पांढरे केक करू लागली. वाडीत कुजबुज सुरू झाली की पांढरा केक कफनासारखा दिसतो; लग्नात बरा नाही. एक एक करून घरे कमी झाली. बंदरावरची पोरे जीभ दाखव म्हणत, तेव्हा ती दाखवी. साधी जीभ पाहून पोरे निघून जात.

साखरेवरचे नियंत्रण मध्यंतरी उठले होते, त्यामुळे अर्जाच्या निमित्तानेही ती येत नसे. एका सकाळी ती कचेरीच्या पडवीसमोर येऊन उभी राहिली. माझ्याकडे पक्षकार बसलेले होते.

"बारशाचा केक हाय," ती सर्वांदेखत म्हणाली. "लाल, निळा पायजे म्हनतात. माजी जीभ तर गेली. आता तुजी दे."

पडवीतले लोक हसले. मी लेखणी खाली ठेवली आणि तिच्याबरोबर होडीत बसलो. त्या दिवशी मी गोकर्णीचे एक अख्खे पाखरू खाल्ले, आणि दुसरी भरती येईपर्यंत माझ्या पोटातला प्रत्येक आवाज ऐकत बसलो. तेव्हा मला समजले की दोन भरत्या किती लांब असतात. ती आयुष्यभर एकटीने त्या काढत आली होती.

पुढे सात-आठ वर्षे मी तिची जीभ होतो. कणीक मीच मळू लागलो आणि कानाची पाळीही माझीच चाचपू लागलो. नंतरच्या एका मामलेदारांना निळ्या जिभेचा मनुष्य पडवीत नको वाटला. मी वाद न घालता उंडीच्या झाडाखाली परत गेलो.

गेल्या वर्षी मुंबईहून कोणी तिला खाण्याच्या रंगाची बाटली आणून दिली. गुलाबी. बाटलीवर खाण्यास योग्य असे छापलेले होते. साखरबायला ते वाचून दाखवले, तर ती म्हणाली, "छापलेलं खाल्लंय कुणी?" मी पाखरू खाल्ले आणि घरी गेलो. सकाळी दोन्ही भरत्या सुखरूप गेल्याचे सांगायला मी खाडी ओलांडली, तेव्हा तिच्या अंगणात माणसे उभी होती. दुसरी भरती यायच्या आधीच ती गेली होती. पहाटे तिने शेजारणीला एवढेच विचारले होते, "पानी कुठवर आलं?"

तो रंग ज्या केकसाठी होता, तो केक वाडीतल्या एका मुलीच्या बारशाचा होता. घरच्यांनी मला विचारले की रंग वापरावा का. मी म्हणालो, वापरावा. आणि गुलाब मीच केले. बारशाच्या दिवशी चर्चच्या आवारात आई केकला सुरी लावणार, तेवढ्यात मी हात पुढे केला. "पहिला तुकडा माझा," मी म्हणालो. मागे कोणी तरी म्हणाले, "बामन असून बघा कसा हावरा हाय." मी तो तुकडा सर्वांदेखत खाल्ला.

नंतर बंदरावर होडीची वाट पाहत असताना एक लहान मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, जीभ दाखवा."

मी इकडे तिकडे पाहिले, चष्मा काढला आणि जीभ बाहेर काढली.

"कसला रंग आहे?" मी विचारले.

"गुलाबी."

"नीट बघ. हिरवा नाही ना कुठे?"

तिने टाचा उंचावून, अगदी जवळ येऊन, पुष्कळ वेळ पाहिले.

"न्हाय," ती म्हणाली. मग मी जीभ आत घेतली.